५० मिलिमीटरचे २५ होतात तेव्हा

ऊर्जाबचतीच्या घरात फसवणूक दिसणाऱ्या वस्तूंत होत नाही. फरशी, नळ, रंग यांत कोणी हात मारला तर दुसऱ्या दिवशी कळतं. उष्णतारोधक थर मात्र अंथरल्यापासून दोन दिवसांत काँक्रीटखाली किंवा गिलाव्यामागे जातो आणि पुन्हा डोळ्यांना दिसत नाही. पहिलं घर बांधणारी माणसं याच दोन दिवसांत लुबाडली जातात. कळतं ते राहायला गेल्यावर, पहिल्या कडक उन्हाळ्यात किंवा थंडीत, आणि तोवर शेवटचा हप्ता देऊन झालेला असतो.

सुरुवात करारनाम्यातल्या दोन शब्दांपासून होते: 'किंवा समकक्ष'. गच्चीसाठी ५० मिलिमीटरची एक्सपीएस (घट्ट, सलग पोताचा पॉलिस्टायरीन फोम) शीट, घनता ३२ किलो प्रति घनमीटर, 'किंवा समकक्ष' असं लिहिलेलं असतं. साइटवर उतरतो साधा थर्माकोल, १५ किलो घनतेचा, आणि तोही २५ मिलिमीटरचा. विचारलं की उत्तर तयार असतं, "साहेब, काम तेच करतं."

तेच करत नाही. थराची जाडी मीटरमध्ये घ्या आणि पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागा. येईल तो त्या थराचा अडथळा. ५० मिलिमीटर एक्सपीएसचा ०.०५ भागिले ०.०३३, म्हणजे सुमारे १.५. खालच्या १५० मिलिमीटर काँक्रीट स्लॅबचा ०.१५ भागिले १.६, म्हणजे ०.१ सुद्धा नाही. गच्चीची जवळजवळ सगळी राखण ती एक शीट करते. आतबाहेरच्या हवेचा अडथळा धरूनही जाडी निम्मी झाली की छताची यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं) साधारण ०.५५ वरून ०.९५ च्या आसपास जाते, म्हणजे छतातून जाणारी-येणारी उष्णता ७० टक्क्यांच्या आसपास वाढते. शिवाय हलका थर्माकोल वरच्या कोब्याच्या वजनाने दबतो आणि एक्सपीएसपेक्षा जास्त पाणी धरतो. ओला झालेला थर रोधक म्हणून फारसा उरतच नाही.

हे पकडायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. एक मीटर बाय एक मीटर, ५० मिलिमीटर जाडीचा ३२ किलो घनतेचा तुकडा १.६ किलो भरला पाहिजे. १५ किलोचा माल तेवढ्याच मापात ७५० ग्रॅम भरतो. मग कोपरा मोडून बघा. थर्माकोलचे गोल दाणे सुटे होतात, एक्सपीएस आतून बारीक आणि सलग दिसतं. रंगावर जाऊ नका, थर्माकोलही रंगीत मिळतो. आणि शीटा उचलताना मालासोबतच्या चलनावरचे घनमीटर आणि गच्चीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी जुळतात का, तेही तिथेच ताडून घ्या.

खिडक्यांत लबाडी वेगळी. करारात लो-ई थर (उष्णता परतवणारा, डोळ्यांना न दिसणारा पातळ लेप) दिलेली दुहेरी काच आणि बसवलेली साधी दुहेरी काच, दिसायला सारखीच. अंधारात काचेसमोर पेटता लायटर धरा. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यांतलं एक वेगळ्या छटेचं असेल तर थर आहे. चारही एकसारखी असतील तर नाही. बाहेरून आत मोजताना उष्ण हवामानात तो थर दुसऱ्या पृष्ठभागावर हवा, थंडीच्या मुलखात तिसऱ्या. काच उलटी बसवली जाणं ही चूक सर्रास होते, आणि ती प्रत्येक वेळी लबाडी असतेच असं नाही. चौकटीभोवतीची फट मात्र नीट तपासा. बरेच जण दर्शनी बाजूला फोमची एक रेघ मारतात आणि मागे पोकळी तशीच सोडतात. पातळ पोलादी पट्टी सरकवली आणि ती चौकटीच्या पूर्ण खोलीपर्यंत गेली, तर आत काही भरलेलं नाही.

हवाबंदपणाच्या चाचणीचा कागद मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नका. ५० पास्कल दाबाला ताशी किती घनमीटर हवा गळते त्याला घराच्या आतल्या घनफळाने भागतात. पॅसिव्ह हाउस या अतिशय कमी ऊर्जेच्या घरांच्या मानकाची मर्यादा ०.६ आहे. आतलं निव्वळ घनफळ ४०० घनमीटर आणि गळती ४८० असेल तर आकडा १.२ येतो. तेच घनफळ बाहेरच्या भिंतींच्या मापाने ५६० धरलं की आकडा होतो ०.८६, आणि करारात १ ची मर्यादा असेल तर घर 'पास'. म्हणून अहवालात घनफळाचा खोलीवार हिशोब मागा. चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहा: यांत्रिक वायुवीजनाच्या नळ्या बंद करणं नियमात बसतं, पण स्विचबोर्डांवर आणि दाराच्या फटींवर टेप चिकटवलेली दिसली तर चाचणी थांबवा. पहिली चाचणी आतलं फिनिशिंग होण्याआधीच हवी, कारण तेव्हाच गळती सापडून बुजवता येते.

छपरावर सोलर बसवून 'ऊर्जाबचतीचं घर' म्हणून विकणाऱ्यांचा हिशोब वेगळा ठेवा. पॅनेल वीज बनवतं, भिंतीतून जाणारी उष्णता अडवत नाही.

बिल्डर निवडताना गोड बोलणाऱ्या विक्री प्रतिनिधीपेक्षा मुकादमाशी बोला. दोनच प्रश्न विचारा. वायर आणि पाइप भिंतीतून बाहेर जातात तिथे काय करता? खांब, तुळई आणि बाल्कनीच्या स्लॅबवर रोधक थर कसा नेता? जाणता माणूस रबरी कॉलर, टेप, थर कुठे वळतो आणि कुठे तुटतो हे हाताने दाखवून सांगतो. "फोम मारतो की" एवढंच उत्तर आलं, तर पुढची बोलणी थांबवलेली बरी.

करारातून 'समकक्ष' खोडा आणि तिथे 'मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल नाही' असं लिहा. प्रत्येक थर झाकण्याच्या ४८ तास आधी लेखी सूचना, मोजपट्टी लावून काढलेले फोटो आणि त्यानंतरच हप्ता, असा क्रम ठेवा. देखरेख करणारा तुम्ही पगार दिलेला असावा. बिल्डरने 'आमचाच इंजिनिअर बघेल' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. एकूण रकमेचे ५ ते १० टक्के वर्षभर, म्हणजे सगळे ऋतू जाईपर्यंत, हातात ठेवा.

सगळं झाकून झालं असेल तर गच्चीला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटेल. आतबाहेर किमान १० अंशांचा फरक असेल अशा वेळी, भिंतींवर ऊन नसताना, थर्मल कॅमेरा भाड्याने आणा. थर जिथे नाही तिथे खांब आणि तुळयांचे आकार पडद्यावर स्पष्ट उमटतात. त्या चित्रांवर तारीख, वेळ आणि दोन्हीकडचं तापमान नोंदवा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ती लेखी तक्रारीसोबत पाठवा.