निकेलच्या टाकीसाठी हल सेल: साधा घ्यावा की हीटरवाला?

हल सेल म्हणजे टाकीतलं २६७ मिली द्रावण घेऊन तिरक्या बसवलेल्या पट्टीवर मुलामा चढवून बघायची छोटी चाचणी-पेटी; पट्टीच्या एका टोकाला करंट जास्त पडतो, दुसऱ्या टोकाला कमी. थेट सांगायचं तर निकेलसाठी हीटर आणि तळाशी हवेची नळी असलेलाच सेल घ्या. साधा ॲक्रिलिकचा सेल थंड चालणाऱ्या झिंकच्या द्रावणाला चालून जातो. वॉट्स बाथ (निकेल मुलाम्याचं नेहमीचं द्रावण) चालतो ५५ ते ६० अंशांवर, आणि २६७ मिली द्रावण बघता बघता थंड होतं. थंड द्रावणातली पट्टी जास्त करंटच्या टोकाला जळते आणि ऑपरेटर बोरिक ॲसिड कमी पडलं समजून ओतत बसतो. शिवाय स्वस्त सेलचे चिकटवलेले जोड गरम द्रावणात हळूहळू सुटतात.

हीटरवाल्याचा खरा फायदा इथेच आहे. जळण्याची कारणं अनेक: तापमान कमी, धातू कमी, बोरिक कमी. थर्मोस्टॅट असला की पहिलं कारण आपोआप बाद होतं. मग सेलमध्ये १ ग्रॅम बोरिक पूर्ण विरघळवून दुसरी पट्टी काढायची. जळका भाग मागे सरकला तर बोरिकच कमी होतं. सेलमधला १ ग्रॅम म्हणजे लिटरला ३.७५ ग्रॅम, म्हणजेच १००० लिटरच्या टाकीला पावणेचार किलो. ब्राइटनरचंही (चकाकी आणणाऱ्या रसायनाचं) गणित हेच: सेलमध्ये १ मिली, टाकीत ३.७५ लिटर. म्हणून सेलमध्ये थेंबाथेंबानेच घालावं.

पट्टी २ अँपिअरवर ५ मिनिटं, हवा चालू ठेवून. जास्त करंटच्या कडेपासून १ सेंटिमीटरवर चौरस डेसिमीटरला सुमारे १० अँपिअर पडतात, ५ सेंटिमीटरवर तीनच्या आत, ८ सेंटिमीटरवर जेमतेम पाऊण. आपला जॉब ज्या करंटवर चालतो तोच भाग आधी बघा. कमी करंटच्या टोकाला काळपट पट्टा आला तर द्रावणात तांबं किंवा जस्त उतरलंय. टाकीत नालीदार पत्रा लावून चौरस डेसिमीटरला ०.२ ते ०.५ अँपिअरवर डमी चालवा, म्हणजे ही घाण त्या पत्र्यावर चढून निघते. त्या टोकाला निकेल चढतच नसेल आणि दुसरीकडे पापुद्रे निघत असतील तर द्रावणात क्रोम मिसळल्याचा संशय घ्यावा. पट्टी चकचकीत आहे पण वाकवल्यावर तडकते, तर ब्राइटनर जास्त झालंय किंवा त्याचा कुजका अंश साचलाय. अशा वेळी आणखी ब्राइटनर घालणं म्हणजे टाकीचं वाटोळंच! लिटरला २ ते ४ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन, मग नीट फिल्टर. कार्बन चांगलं ब्राइटनरही ओढून घेतो, त्यामुळे नंतरचा डोस पुन्हा सेलवरच ठरवावा.

उणीव एकच, पण मोठी: पीएच आणि धातूचा आकडा हा सेल देत नाही. निकेल आणि क्लोराइडला टायट्रेशन (प्रयोगशाळेतली मोजणी) हवंच, आणि हिरव्या द्रावणात पीएच पेपरवर विसंबू नका. मीटर घ्या, पीएच ४ ते ४.५ राखा.

घेताना २६७ मिलीची खूण स्पष्ट आहे का आणि हवेची भोकं पट्टीच्या समांतर ओळीत आहेत का ते तपासा. पितळी पट्ट्यांवरची प्लास्टिकची फिल्म काढून, इलेक्ट्रोक्लीन करून (करंट लावून धुऊन), सौम्य सल्फ्युरिकमध्ये बुडवूनच वापरा. एकाच नमुन्यावर दोन-तीन पट्ट्या पुरे. ब्राइटनर संपत जातं, त्यामुळे पुढच्या पट्टीसाठी टाकीतून ताजं द्रावण घ्या, तेही टाकी नीट ढवळल्यावर आणि पातळी भरून घेतल्यावर.