हारलेमचे टेन बूम घर : घड्याळांच्या दुकानावरचा एक तास

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने हारलेम जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे. स्थानकातून ग्रोटे मार्क्ट या मुख्य चौकाकडे चालत निघाले की चौकाच्या थोडे अलीकडे बार्टेलयोरिसस्ट्राट नावाची दुकानांची गजबजलेली, अरुंद गल्ली लागते. तिथल्या १९ क्रमांकाच्या घरात दुसऱ्या महायुद्धात टेन बूम या ख्रिस्ती कुटुंबाने ज्यूंना लपवले होते, आणि ते घर आता संग्रहालय आहे. तळमजल्यावर घड्याळांचे आणि दागिन्यांचे दुकान आजही आहे, त्यावर टेन बूम हे नावही आहे, आणि संग्रहालय पाहायला आलेल्यांचे दार मात्र बाजूच्या बोळात आहे. पुण्याहून आमच्याकडे ॲम्स्टेलव्हेनला आलेल्या आईला घेऊन मी तिथे गेले होते, आणि परतल्यावर ओळखीच्या तीन कुटुंबांनी ‘जावे का?’ असे विचारल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. प्रवेशाला तिकीट नाही. निघताना पेटीत यथाशक्ती देणगी टाकावी अशी अपेक्षा असते. घर लहान असल्यामुळे एका वेळी मोजकीच माणसे आत घेतात आणि मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही, म्हणून संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावे. सुट्टीच्या दिवसांत जागा लवकर भरतात. माहिती डच किंवा इंग्रजीत सांगितली जाते. नोंदणी करताना भाषा नीट पाहावी, कारण मी घाईत डच फेरी निवडली होती आणि ती चूक आदल्या रात्री लक्षात आली. फेरी साधारण तासाभराची असते. जिना अरुंद, वळणाचा आणि फार उभा आहे, लिफ्ट नाही. या जिन्याविषयी पुढे येईलच.

कास्पर टेन बूम यांच्या वडिलांनी हे दुकान १८३७ मध्ये थाटले आणि १८४४ मध्ये ज्यू लोकांच्या भल्यासाठी घरात साप्ताहिक प्रार्थना सुरू केली. फेरीची सुरुवात याच गोष्टीने होते, आणि बरोबर १०० वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४४ रोजी, ज्यूंना आसरा दिल्याबद्दल याच घरावर गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, धाड पडली हा योगायोग सांगताना आमच्या मार्गदर्शिका क्षणभर थांबल्या. मला स्वतःला योगायोगापेक्षा त्या मधल्या वर्षांचे महत्त्व अधिक वाटले. माजघरासारख्या त्या जेवणाच्या खोलीत, लांबट टेबलाभोवती आम्हाला बसवले जाते. इथे कास्पर रोज सकाळी न्याहारीनंतर आणि रात्री निजण्यापूर्वी बायबल वाचत, आणि घरातली मंडळी, कामगार, त्या दिवशी आलेला पाहुणा, सगळे ऐकत. हे कास्पर व्यवसायाने घड्याळजी. दर आठवड्याला ॲमस्टरडॅमला जाऊन तिथल्या वेधशाळेच्या घड्याळाशी आपली वेळ जुळवून आणणारे. आपल्याकडे ज्याला नेम म्हणतात, तो या घरात दोन्ही अर्थांनी होता. माझ्या आजोळी रात्री हरिपाठ झाल्याशिवाय ताटे वाढली जात नसत आणि आम्हा मुलांना त्याचा कंटाळा येई. या टेबलाशी बसल्यावर तो कंटाळा आठवला आणि नेम कंटाळवाणा असतो म्हणूनच टिकतो की काय, असे मनात आले.

जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये शिरले १० मे १९४० रोजी. १९४२ च्या मे महिन्यात ज्यूंना पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले, आणि त्यानंतर आसरा मागणारे दार ठोठावू लागले. तेव्हा कास्पर ऐंशी ओलांडलेले होते. त्यांच्या दोन अविवाहित मुली घरात होत्या : बेट्सी घर सांभाळायची आणि कोरी वडिलांच्या हाताखाली शिकून देशातली परवाना मिळवणारी पहिली महिला घड्याळजी झाली होती. रेशनकार्डे मिळवणे, माणसे दुसरीकडे पोहोचवणे, निरोप देणे हे सारे पन्नाशीतल्या कोरीने उभे केले, आणि घड्याळांचे दुकान असल्यामुळे सांकेतिक भाषा आयतीच मिळाली. खिडकीत अल्पिना या घड्याळांची जाहिरात असलेली त्रिकोणी पाटी दिसली की घर सुरक्षित आहे, ती नसेल तर पुढे जायचे.

लपण्याची जागा सर्वांत वरच्या मजल्यावर, कोरीच्या शयनगृहात आहे. खोलीच्या टोकाला मूळ भिंतीच्या अलीकडे विटांचीच दुसरी भिंत बांधली गेली, म्हणजे ठोकून पाहिले तरी पोकळ आवाज येऊ नये. विटा वर्तमानपत्रांत आणि बॅगांत लपवून वर आणल्या. दोन्ही भिंतींमध्ये जेमतेम अडीच फुटांची पट्टी उरते. आत जायचे ते चादरी ठेवायच्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणातून, मागची फळी सरकवून, रांगत. पाहणाऱ्यांसाठी भिंतीला आता एक भगदाड ठेवलेले आहे, त्यामुळे आतला अंधार बाहेरून दिसतो. ज्यांना इच्छा असेल त्यांना कपाटातून आतही जाता येते. मी गेले. आत उभे राहता येते, परंतु कूस बदलायला शेजारच्याची परवानगी लागेल. बझर वाजल्यावर लपण्याचा सराव रात्री-अपरात्री केला जाई. नुसते आत शिरून भागत नसे; गादी उलटी करावी लागे, कारण अंगाची ऊब झडती घेणाऱ्याच्या हाताला लागली तर सारे संपले. हा तपशील ऐकल्यावर माझा हात नकळत पलंगाकडे गेला.

धाड पडली ती एका डच माणसाने फितुरी केल्यामुळे. गडबडीत बेट्सीने ती त्रिकोणी पाटी खिडकीतून खाली पाडली, पण धाडीतल्या एकाच्या ते लक्षात आले आणि त्याने ती पुन्हा जागेवर ठेवली. मग दिवसभर जो जो आला तो पकडला गेला. सुमारे ३० जणांना अटक झाली. भिंतीमागे मात्र चार ज्यू आणि नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतले दोघे, असे सहा जण सुमारे ४७ तास उभे होते आणि ते सापडले नाहीत; चळवळीशी जोडलेल्या पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. वृद्ध कास्परना, यापुढे गडबड करणार नसाल तर घरी जा, असे सांगितले गेले, तेव्हा उद्या कोणी दार ठोठावले तर मी ते पुन्हा उघडीन असे त्यांनी सांगितल्याचे कोरीने पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. दहा दिवसांनी, ९ मार्च रोजी, ८४ वर्षांचे कास्पर कैदेतच वारले.

श्रद्धेने संकटात काय होते, याविषयी आपल्याकडे भाबडे लिहिण्याची पद्धत आहे, आणि या संग्रहालयातही तो धोका आहे; ही वास्तू श्रद्धावंतांनी जपलेली आहे आणि ते लपवले जात नाही. कोणाला फेरीचा शेवटचा भाग प्रवचनासारखा वाटू शकेल. मला तो खटकला नाही, कारण सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी स्वतःच भाबडेपणाला अडवतात. स्खेवेनिंगेनच्या तुरुंगात कोरी एकटीच्या कोठडीत होती. बाहेर असलेल्या दुसऱ्या बहिणीचे, नोलीचे, पत्र आले, कोरीने संशयाने टपालाचे तिकीट ओले करून सोडवले, आणि त्याखाली बारीक अक्षरांत मजकूर होता की कपाटातली सगळी घड्याळे सुखरूप आहेत. भिंतीमागच्या माणसांची खुशाली अशी कळली. प्रार्थनेचे उत्तर म्हणून ती हे सांगते. पण तिकिटाखाली लिहिण्याचे आणि तिथे शोधण्याचे डोके माणसांचेच होते, आणि या घरात या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या गेल्या नव्हत्या असे मला वाटते.

रावेन्सब्रुक या स्त्रियांच्या छळछावणीत दोघी बहिणी १९४४ च्या सप्टेंबरात पोहोचल्या. तपासणीतून वाचवलेले छोटे बायबल त्यांच्याजवळ होते. बराकीत पिसवांचा इतका सुळसुळाट होता की बेट्सीने पिसवांबद्दलही देवाचे आभार मानायला सांगितल्यावर कोरीला ते पटले नाही, आणि तिने ते प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पुढे कळले की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत येत नसत, आणि म्हणून रात्रीचे वाचन चालू राहू शकले. फेरीतली ही सर्वांत गाजलेली गोष्ट. पिसवांमागे योजना होती हे मी मान्य करू शकत नाही, कारण त्याच छावणीत हजारो स्त्रिया मेल्या आणि १६ डिसेंबर १९४४ रोजी बेट्सीही गेली. मला लक्षात राहिले ते वाचन कसे चाले हे : बहिणी डच मजकूर जर्मनमध्ये सांगत, आणि तिथून तो फ्रेंच, पोलिश, रशियन, चेक असा एका फळकुटावरून दुसऱ्या फळकुटावर पुढे जाई. हारलेमच्या टेबलावरचा नेमच तो, फक्त ऐकणारे बदललेले.

आणखी एक गोष्ट या घराच्या बाजूने सांगावीशी वाटते. लपलेल्यांमध्ये एक ज्यू कँटर, म्हणजे प्रार्थना गाणारे, होते. हनुक्का हा ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण आला तेव्हा बेट्सीने मेणबत्त्या लावायचे स्टँड शोधून काढले आणि आठही रात्री त्यांच्या पद्धतीने प्रार्थना झाल्या. आसऱ्याच्या बदल्यात धर्म मागितला गेला नाही. मूळ १८४४ च्या प्रार्थनेमागचा ख्रिस्ती हेतू काहीही असो, १९४३ च्या त्या आठ रात्री पुरेशा बोलक्या आहेत.

फेरीत एका गोष्टीला जास्त वेळ मिळायला हवा होता. नेदरलँड्समध्ये तेव्हा सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते आणि त्यांपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. या देशातल्या बहुसंख्य घरांत तेव्हा बायबल होते, आणि रविवारी चर्चेस भरत होती. तेव्हा श्रद्धेने माणसे तगली हे जसे खरे, तसे एकाच पुस्तकावर श्रद्धा असूनही बहुतेकांची दारे बंद राहिली हेही खरे, आणि हे घर पाहताना दुसरे वाक्य विसरता कामा नये.

वरच्या खोल्यांत कोरीची भरतकामाची एक चौकट आहे : मागून सगळा गुंता, पुढून मुकुट. लोक तिथे फोटो काढतात. मी कास्पर यांची खुर्ची जास्त वेळ पाहिली.

आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपणारा नव्हता, म्हणून ती चौकातल्या सिंट बावो चर्चमध्ये बसून राहिली. तिथला ऑर्गन मोझार्टने लहानपणी वाजवला होता हे तिला तिथल्याच एका बाईंनी सांगितले. घरी आल्यावर मी तिला संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची आभासी फेरी दाखवली. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, जेवणाची खोली आणि कपाट दोन्ही त्यात स्पष्ट दिसतात. तिने जिना दोनदा मागे घेऊन पाहिला आणि विचारले, की चौऱ्याऐंशी वर्षांचे ते गृहस्थ रोज वाचन करून एवढा उभा जिना चढून निजायला जात होते का.