मॅपमध्ये पिन टाकून आखलेली इजिप्तची पहिली ट्रिप, इतक्या महिन्यांनंतरचा अनुभव

फोनमधल्या मॅप अ‍ॅपमध्ये जागा सेव्ह करून लिस्ट बनवता येते, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करता येतो, हे बहुतेकांना माहितीये. मी गेल्या पावसाळ्यापासून हे रोज वापरतेय, हिवाळ्यात मी, नवरा आणि आई इजिप्तला जाऊन आलो, आणि माझं मत ठाम आहे की पहिल्यांदाच आणि थोड्या दिवसांसाठी जाणार असाल तर टूरवाल्यांची पत्रकं वाचायच्या आधी हे करा.

पत्रकात कैरो, लक्सर, अस्वान, अबू सिंबेल सगळं एका ओळीत येतं आणि वाचताना जवळजवळ वाटतं. पिन टाकत गेले तेव्हा कळलं की अबू सिंबेल पार खाली सुदानच्या सीमेला, अस्वानपासूनच रस्त्याने जवळपास 300 किलोमीटर. धरणाच्या पाण्यात जाऊ नये म्हणून 1960 च्या दशकात ते अख्खं देऊळ कापून वर नेऊन परत जोडलं, मला ते बघायचंच होतं, पण आम्ही घोडबंदर रोडवाले, अंतर ऐकलं की आधी तास मोजतो, आणि आठवड्याच्या ट्रिपमध्ये ते तास बसेनात. शेवटी कैरो आणि लक्सर एवढंच ठेवलं, मध्ये तासाभराचं विमान.

खरा फायदा लक्सरला झाला. नदीच्या पूर्वेला कर्नाक आणि लक्सर टेंपल, पश्चिमेला राजांची दरी, म्हणजे जुन्या राजांची थडगी, आणि हातशेपसूत राणीचं देऊळ, म्हणून मी दोन्ही काठांच्या दोन वेगळ्या लिस्ट केल्या आणि एका दिवशी एकच काठ. पश्चिमेला सावली जवळजवळ नाहीच, तो सकाळी लवकर. कर्नाकच्या 134 खांबांच्या सभामंडपात मात्र घड्याळ बघू नका, आम्ही तिथे मान वर करून नुसते फिरत होतो, आईला तर हलायचंच नव्हतं.

प्रत्येक पिनखाली नोट लिहिता येते ती जरूर लिहा. राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात, तुतनखामून आणि पहिला सेती यांचं तिकीट वेगळं, हे मी घरी बसूनच लिहून ठेवलं होतं. आईच्या गुडघ्यांमुळे चौथ्या रामसेसचं थडगं निवडलं, तिथे उतार सौम्य आहे आणि छतावरचे रंग अजून काय सुंदर आहेत! गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत वाकून चढायला लागतं, तिथे आई बाहेर थांबणार हेसुद्धा नोटमध्ये होतं. मोठ्या ठिकाणी तिकिटाला कार्ड लागतं, जवळ ठेवा.

कैरोत म्युझियम एकच नाही, हे पिन टाकल्यावर नीट डोक्यात बसतं. तुतनखामूनचा खजिना गिझाजवळच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये, राजांच्या ममी फुस्तात या जुन्या भागातल्या म्युझियममध्ये, आणि तहरीर चौकातलं 1902 चं जुनं म्युझियम तिसरं. गिझा आणि ग्रँड एका दिवसात जमतं. सक्काराला, म्हणजे जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला, वेगळी सकाळ द्या, ते दक्षिणेला आहे आणि गर्दी गिझापेक्षा कमी.

उणिवा पण आहेत. अ‍ॅप गेटपर्यंतचाच वेळ सांगतं, आतलं चालणं तुम्हालाच धरायला लागतं, मी प्रत्येक जागेला दोन तास जास्तीचे धरले. उघडण्याच्या वेळा त्यात बघून विसंबू नका, रमजानमध्ये तर बदलतातच, सरकारी साइटवर तपासा. ऑफलाइन असताना ट्रॅफिक कळत नाही आणि कैरोचं ट्रॅफिक भयंकर आहे. पण ड्रायव्हरला नाव सांगत बसण्यापेक्षा पिन दाखवली की काम झालं.

आता ऐरोलीची मैत्रीण माझीच लिस्ट घेऊन आखतेय. मुलांच्या सुट्टीमुळे तिला मे मध्येच जायला जमतंय, तेव्हा लक्सरला पारा 40 च्या आसपास असतो, म्हणून तिच्या लिस्टमध्ये आम्ही पश्चिम काठ उजाडताच टाकलाय, दुपार पूर्ण हॉटेलमध्ये, आणि लक्सर टेंपल रात्री दिवे लागल्यावर.