गोदामाच्या दुरुस्तीचं साहित्य: एक पावसाळा काढल्यावर काय टिकलं, काय सुटलं

गोदाम रत्नागिरीजवळ, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. बाहेरच्या बाजूला आरसीसी कॉलम-बीम, आत लोखंडी कॉलम, वर पत्रे. दुरुस्ती उन्हाळ्यात उरकली आणि पावसाळा उलटल्यावर प्रत्येक जागा हातोडीने ठोकून पाहिली. वापरलेलं साहित्य: दोन भागांचा इपॉक्सी झिंक प्रायमर (जस्ताच्या कणांचा पहिला हात), इपॉक्सी मॅस्टिक (पूर्ण साफ न झालेल्या लोखंडावरही चालणारा जाड रंग), पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) आणि फ्लोअरसाठी इपॉक्सी मॉर्टर. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच डब्यातला माल एका कॉलमवर टिकला आणि शेजारच्यावर सुटला, तेव्हा नावाला फारसा अर्थ राहत नाही.

लोखंडी कॉलमचं दुखणं बहुतेक वेळा खालच्या वीतभरात असतं. बेस प्लेटभोवती, म्हणजे कॉलमच्या तळाच्या पाटीभोवती, धूळ आणि पोत्यांतला भुसा साचतो, त्यात खारी हवा मुरते आणि तो थर चार महिने ओला राहतो. वरून रंग चकचकीत, पण तळाशी हातोडी मारली की गंजाचे तळहाताएवढे पापुद्रे सुटतात. पापुद्रे काढल्यावर उरलेली जाडी मोजायलाच हवी. चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाल्ला गेला असेल तर रंगाने भागत नाही. इंजिनिअरकडून हिशोब करून घेऊन प्लेट वेल्ड करावी लागते, आणि त्याआधी छताचा भार टेकूंवर घ्यावा लागतो. टेकू न लावता कॉलमवर ग्राइंडर चालवणारे मिस्त्री कमी नाहीत, त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

झिंक प्रायमर आतल्या कॉलमवर दोन पद्धतींनी लावून पाहिला. सँडब्लास्टिंगने (दाबाने वाळूचा मारा करून) एसए अडीच दर्जापर्यंत, म्हणजे लोखंड जवळपास पांढरं दिसेपर्यंत, साफ केलेल्या भागावर 60 ते 75 मायक्रॉन झिंक, त्यावर 125 मायक्रॉन इपॉक्सी एमआयओ (अभ्रकासारख्या लोह ऑक्साइडचा मधला हात) आणि वर 50 मायक्रॉन पीयू (पॉलियुरेथेनचा शेवटचा हात). तिथे पावसाळ्यानंतर एकही फोड नाही. नुसत्या वायर ब्रशने घासलेल्या भागावर मात्र हाच प्रायमर कडांपासून उचलला. झिंक लोखंडाऐवजी स्वतः झिजतं, हे खरं. पण त्यासाठी त्याचे कण थेट लोखंडाला भिडायला हवेत. मध्ये गंज राहिला की तो नुसता महागडा राखाडी रंग. चालू गोदामात ब्लास्टिंग जमणार नसेल तर झिंकचा नाद सोडा. पॉवर टूलने एसटी तीनपर्यंत (सुटा गंज निघून लोखंडाची चमक दिसेपर्यंत) घासून इपॉक्सी मॅस्टिकचे दोन हात द्या. आमच्याकडे मॅस्टिक त्या मानाने चांगलं टिकलंय.

फोड आलेला भाग नखाने उकरला तर आत पाणी निघतं. हे मिठाचं काम. गंजाच्या बारीक खड्ड्यांत क्षार बसतात आणि रंगाच्या आरपार ओल ओढून घेतात. नुसत्या ब्लास्टिंगने ते सगळे निघत नाहीत. आधी प्रेशरने गोड्या पाण्याची धुलाई, मग ब्लास्टिंग. खाडीलगतच्या बोअरचं पाणी यासाठी चालत नाही, टँकर मागवा. वेल्ड, बोल्ट आणि कडांना मुख्य हाताआधी ब्रशने एक जादा हात द्या, कारण स्प्रे तिथे पातळच बसतो.

हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान 3 अंश वर, ही अट रंगांच्या सगळ्या पत्रकांत असते. कोकणात तिचा अर्थ इतकाच की पावसाळ्यात हे काम काढूच नका आणि थंडीतही दव सुकल्याशिवाय डबा उघडू नका.

आता काँक्रीट. ठोकल्यावर बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा, आणि फोडताना खुणेच्या पुढे जायची तयारी ठेवा. सळईचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून पोपडे उडतात. फोडलेल्या ताज्या पृष्ठावर फिनॉल्फथॅलीन (अल्कली तपासायचं द्रावण) मारा. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत, रंग आला नाही तर तिथवर कार्बोनेशन पोचलंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो अल्कलीपणा घालवलाय. क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, मात्र यात दिसत नाही, त्यासाठी ड्रिलची पूड लॅबला द्यावी लागते. जुन्या बांधकामात खाडीची वाळू असेल तर हा खर्च टाळू नका. आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीत क्लोराइडची मर्यादा दर घनमीटरला 0.6 किलो आहे.

सगळ्यात जास्त चुकतं ते सळईच्या मागे. समोरून घासून मॉर्टर लावलं की मागचा गंज तसाच चालू राहतो. सळईमागे 20 ते 25 मिलिमीटर मोकळं करा, पॅचच्या कडा कटरने 10 मिलिमीटर खोल आणि सरळ कापा. निमुळत्या कडेचं मॉर्टर पहिल्याच पावसाळ्यात सुटतं, आमच्याकडे जे सुटलं ते बहुतेक तसंच होतं. मॉर्टरचं प्रमाण 1:5:15, म्हणजे 1 किलो पॉलिमर, 5 किलो सिमेंट, 15 किलो क्वार्ट्झ सँड. एका थरात 10 ते 12 मिलिमीटरच. बाँड कोट (जुन्या काँक्रीटला मॉर्टर धरावं म्हणून आधी लावायचा हात) चिकट असतानाच मॉर्टर दाबा. तो वाळला तर चिकटवण्याऐवजी उलट सोडवतो, आणि उन्हात तो फार लवकर वाळतो. पहिला दिवस ओलं गोणपाट, नंतर हवेवर सुकू द्या. 50 मिलिमीटरहून खोल खड्ड्याला शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, पातळ वाहणारं काँक्रीट) ओता.

पॅच उत्तम आणि त्याला लागूनच नवी भेग, हा प्रकार एका बीमवर दिसला. नव्या मॉर्टरमधली सळई सुरक्षित झाली की शेजारच्या खारट काँक्रीटमधली जोरात गंजू लागते. पॅचच्या कडेला सळईला झिंकचे ॲनोड (सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) बांधणं हा त्यावरचा उपाय. महाग आहेत, म्हणून ठेकेदार ते कोटेशनमधून आधी गाळतो. समुद्राकडच्या बीमना तरी ते आग्रहाने घ्या.

फ्लोअरचं थोडक्यात. फरशीच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेल्या जॉइंटच्या कडा फोर्कलिफ्टपेक्षा हातगाडीच्या लहान, कडक चाकांनी जास्त तुटतात. इपॉक्सी मॉर्टरने कडा भरून चाललं, पण जॉइंटची रेघ बुजवली तिथे बाजूने भेग आली. भरल्यावर त्याच रेषेत पुन्हा कटर मारून अर्धकडक फिलर भरला, तिथल्या कडा अजून शाबूत आहेत.