सोलर वॉटर हीटरचा ठरावीक शुल्काचा देखभाल करार : कोल्हापुरात घेण्याजोगा आहे का?

छतावरच्या सोलर वॉटर हीटरसाठी वर्षाला एक ठरावीक रक्कम भरायची आणि त्या बदल्यात वर्षभराची सफाई, तपासणी व किरकोळ दुरुस्ती करून घ्यायची, अशा करारावर आमच्या घरचे गरम पाणी सध्या चालते. व्यवहारात याला सगळे एएमसी म्हणतात. कराराची मुदत संपत आली, तेव्हा पुरवठादाराने एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा, दर न वाढणारा करार पुढे केला. तो घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी कागद नीट वाचला, हिशेब मांडला आणि शेजारीपाजारी व नात्यातल्या घरांत काय अनुभव आहे, हे विचारले. ज्यांच्यासमोर हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे यंत्र २०० लिटरचे, काचेच्या निर्वात नळ्यांचे, म्हणजे ज्याला ईटीसी म्हणतात त्या प्रकारचे आहे. एका वर्षाचे शुल्क २,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,३६० रुपये होतात. तीन वर्षांचे एकदम भरल्यास शुल्क ५,४०० आणि जीएसटीसह ६,३७२ रुपये होते, तर दरवर्षी आजच्याच दराने भरत गेल्यास तीन वर्षांत ७,०८० रुपये जातात. फरक ७०८ रुपयांचा आहे. या रकमेत वर्षातून दोन सर्व्हिसिंग, तक्रार केल्यावर येणाऱ्या फेऱ्या, रबरी व सिलिकॉनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि स्टँडची डागडुजी येते. फुटलेल्या नळ्या, विजेची कॉइल, थर्मोस्टॅट आणि टाकीची गळती यांतले काहीही येत नाही.

शुल्क जास्त की कमी, हे ठरवण्याआधी यंत्र बंद पडले तर काय खर्च येतो, ते पाहायला हवे. चार माणसांच्या घरात आंघोळीला रोज १०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवावे लागते असे धरले, तर त्यासाठी ३,००० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे रोजची गरज साडेतीन युनिटांच्या आसपास आणि महिन्याची १०५ युनिटांच्या आसपास येते. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत आणि दुसरा १०१ ते ३०० युनिटांचा असतो, आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. घराचा इतर वापर ८० युनिटांचा असेल, तर गिझरच्या १०५ युनिटांपैकी ८५ युनिटे या महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरले की महिन्याचा बोजा हजार रुपयांच्या पुढे जातो. म्हणजे कराराचे वर्षाचे पैसे साधारण दोन महिन्यांच्या गिझरच्या खर्चाइतके आहेत, आणि या करारामुळे वर्षभरात यंत्राचे एकूण दोन महिने तरी वाचत असतील, तरच तो स्वतःचे पैसे वसूल करतो.

आता हे दोन महिने वाचतात की नाही, हे ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून आहे, तिचा कराराच्या कागदावर साधा उल्लेखही नाही. ती गोष्ट म्हणजे घरात येणारे पाणी.

कोल्हापुरात एकाच रस्त्यावरच्या दोन घरांचे पाणी वेगळे असू शकते. शहराला वर्षानुवर्षे पंचगंगेचे पाणी मिळत आले आणि २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचे पाणीही येऊ लागले. हे महापालिकेचे पाणी तुलनेने मृदू असते, पण पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याबरोबर बारीक गाळ टाकीपर्यंत पोहोचतो. उपनगरांत मात्र अनेक घरे बोअरवर चालतात, आणि नळाचे पाणी असलेल्या घरांतही पुरवठा खंडित झाला की बोअर किंवा टँकर यांचाच आधार असतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पाणी तापले की बाहेर पडतात, आणि साठ अंशांच्या पुढे तर भराभर पांढरा थर धरतात. हा थर कोठे बसतो, त्यावरून यंत्राचे भवितव्य ठरते.

माझ्या बहिणीच्या पाचगावच्या घरी तांब्याच्या पट्ट्यांचे सपाट पॅनेल, म्हणजे एफपीसी आहे आणि पाणी बोअरचे आहे. या पॅनेलमधल्या तांब्याच्या उभ्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या असतात. पाणी तापून हलके होते, वर टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते, आणि हे चक्र कोणत्याही मोटरीशिवाय चालते. नळीत क्षारांचा थर जमला की हे चक्र मंदावते आणि शेवटी थांबते, वर कितीही कडक ऊन असले तरी. ओळखायची खूण सोपी आहे. भर दुपारी पॅनेलची काच चटका देण्याइतकी तापलेली असते आणि टाकीतले पाणी मात्र कोमट राहते. अशा वेळी पॅनेलमधून सौम्य आम्ल फिरवून क्षार काढावे लागतात. हे काम सुटे करून घ्यायचे ठरवले, तर मजुरीचा दर प्रत्येक जण आपल्या मनाने सांगतो. बहिणीच्या करारात ही आम्लसफाई वर्षातून एकदा स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे, आणि तिच्या बाबतीत करार पूर्णपणे वसूल होतो, याबद्दल मला शंका नाही.

आमच्यासारख्या ईटीसी यंत्रात गोष्ट वेगळी आहे. नळ्या रुंद असतात, सामान्यतः ५८ मिलिमीटर व्यासाच्या, त्यामुळे त्या क्षारांनी सहजासहजी तुंबत नाहीत. पण त्यांचे खालचे टोक बंद असते. टाकीतून उतरणारा गाळ आणि सुटलेले क्षार या बंद टोकांत जाऊन साचतात आणि तेथून स्वतःहून बाहेर पडण्याचा त्यांना मार्ग नसतो. कराराच्या कागदावर ‘फ्लशिंग’ असा शब्द आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला आलेल्या तरुणाने ड्रेनचा प्लग उघडला, पाणी सोडले, वरून काचा पुसल्या आणि सहीसाठी कागद पुढे केला. नळ्यांचे काय, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “सर, खालून पाणी सोडलं की टाकी साफ होते, नळ्या होत नाहीत. त्या एकेक काढायला लागतात.” मग त्या काढाव्यात, असा आम्ही आग्रह धरला, आणि पुढच्या भेटीत त्या खरोखर काढल्या गेल्या.

ते काम पाहण्यासारखे होते. नळ्या तापू नयेत म्हणून कोवळ्या उन्हातच सुरुवात झाली. टाकीतले पाणी आधी उतरवले, नळीच्या तोंडाशी साबणाचे पाणी लावून ती हलक्या हाताने फिरवत टाकीत थोडी वर सरकवली, म्हणजे खालचे टोक आधारातून सुटले, आणि मग ती तिरकी करून बाहेर घेतली. उलटी केल्याबरोबर तिच्यातून तपकिरी चिखलाचा गोळा निघाला. सगळ्याच नळ्यांत कमीअधिक तेच होते. नळी परत बसवण्यापूर्वी त्याने तिचे खालचे टोक उजेडात धरून दाखवले. तेथे आतून आरशासारखा चंदेरी मुलामा असतो. नळीची निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चंदेरी राहतो आणि आत हवा शिरली की दुधासारखा पांढरा पडतो. आमची एक नळी अशी पांढरी पडलेली निघाली. ती फुटलेली नव्हती, गळतही नव्हती आणि लांबून इतरांसारखीच दिसत होती, पण तिचे काम केव्हाच थांबले होते. अशी तपासणी घरच्या घरी कोणीही करू शकतो, त्यासाठी फक्त नळ्यांच्या खालच्या टोकांवरच्या टोप्या काढून पाहाव्या लागतात. नवी नळी मात्र करारात बसत नसल्यामुळे तिचे पैसे वेगळे द्यावे लागले.

येथे वगळलेल्या गोष्टींकडे वळावे लागते, कारण माझ्या मते कराराचा खरा दुबळा भाग तोच आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात सलग अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि यंत्राचा सगळा भार टाकीतल्या विजेच्या कॉइलवर येतो. नेमकी तीच कॉइल आणि तिचा थर्मोस्टॅट करारातून वगळलेले आहेत. ज्या चार महिन्यांत बिघाडाची शक्यता जास्त, त्या चार महिन्यांत करार हात वर करतो, हे ग्राहकाला सही करण्यापूर्वी स्पष्टपणे सांगायला हवे. (कॉइलपुरते माझे मत असे आहे की पावसाळ्यात २०० लिटरची टाकी तापवत बसण्यापेक्षा न्हाणीघरात १५ लिटरचा साधा गिझर लावणे अधिक काटकसरीचे ठरते, कारण लागेल तेवढेच पाणी तापते.)

नळ्या फुटण्याचे कलमही असेच बारकाईने वाचावे. क्रिकेटच्या चेंडूने नळी फुटली तर तो पुरवठादाराचा दोष नाही, हे मान्य. पण थंड पाण्याच्या जोडणीवर उलटा प्रवाह रोखणारा एनआरव्ही बसवलेला नसेल किंवा तो बिघडला असेल, तर वरची टाकी रिकामी झाल्यावर सोलरचे पाणी खालच्या मजल्याच्या नळांतून उलटे उतरू शकते, नळ्या कोरड्या राहून प्रचंड तापतात, आणि दुपारी पाणी आले की त्या थंड पाण्याच्या धक्क्याने तडकतात. पाणीपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागांत हा धोका खरा आहे. एनआरव्ही तपासणे हे सर्व्हिसिंगचे काम आहे, म्हणून अशा कारणाने नळी गेली, तर ती करारात धरली जावी, ही मागणी मला रास्त वाटते.

सेवेच्या तत्परतेबद्दल माझी तक्रार आहे. कागदावर ४८ तासांत माणूस येईल असे लिहिलेले आहे. ऐन थंडीत टाकीजवळच्या रिंगेतून गळती सुरू झाली, तेव्हा दोन दिवसांचा आठवडा झाला, कारण त्याच दिवसांत सगळ्यांनाच गरम पाण्याची आठवण होते आणि कामाची माणसे मोजकीच असतात. आलेल्या माणसाचे काम उत्तम होते, वागणे नम्र होते आणि रिंगेचे पैसे त्याने घेतले नाहीत, हेही नमूद करतो. पण उशीर झाल्यास काय, याचे उत्तर कागदात नाही. करार नसलेल्या शेजाऱ्यांनी त्याच सुमारास ओळखीच्या प्लंबरकडून तसलीच रिंग दुसऱ्या दिवशी बदलून घेतली.

तीन वर्षांच्या स्थिर दराबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. दर वाढणार नाही, हा दिलासा ७०८ रुपयांचा आहे, पुढे दर वाढले तर त्याहून थोडा जास्त. त्यासाठी तीन वर्षांचे पैसे आधी देऊन ग्राहक आपल्या हातातले एकमेव साधन सोडून देतो, ते म्हणजे काम नीट झाले नाही तर पुढच्या वर्षी नूतनीकरण न करण्याचा अधिकार. शिवाय या व्यवसायातले बरेच लोक लहान आहेत. एखाद्याने दुकान आवरले किंवा कंपनीची एजन्सी सोडली, तर उरलेल्या वर्षांचे पैसे कोणाकडे मागायचे, हा प्रश्न उभा राहतो.

नवीन यंत्र असलेल्यांनी तर हा करार घेण्याची घाईच करू नये. टाकी आणि कलेक्टर, म्हणजे उन्हाने पाणी तापवणारा भाग, यांवर उत्पादकाची साधारण पाच वर्षांची हमी असते, आणि तेवढ्या काळात करार मुख्यतः सफाईचेच पैसे घेतो. ईटीसी यंत्र, महापालिकेचे पाणी आणि छतावर चढू शकणारे कोणी घरात असेल, तर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, माहीतगार माणसाला बोलावून नळ्या काढून धुऊन घेणे पुरते. घरात फक्त वयस्कर माणसे असतील आणि छताला धड जिना नसेल, तर हिशेब थोडा तोट्याचा दिसला तरी मी एका वर्षाचा करार घ्यायला सांगेन. बोअरचे पाणी आणि तांब्याचे पॅनेल असेल, तर आम्लसफाई लिहून घेऊन करार अवश्य घ्यावा.

आमच्या घरी हमीची मुदत संपलेली आहे आणि आई-वडील एकटे असतात, म्हणून एका वर्षाचे नूतनीकरण केले आहे, मात्र जुन्या मजकुरावर नाही. वर्षातून एकदा सर्व नळ्या काढून धुणे आणि प्रत्येक भेटीत एनआरव्ही तपासणे, या दोन गोष्टी पावतीवर पुरवठादाराच्या सहीनिशी लिहून घेतल्या. उशीर झाल्यास शुल्कातून रक्कम वजा करावी, ही तिसरी मागणी त्याने मान्य केली नाही. त्याऐवजी ४८ तासांपेक्षा जितके दिवस जास्त लागतील, तितके दिवस कराराची मुदत पुढे जाईल, असे त्याने लिहून दिले आणि तेवढ्यावर आम्ही पैसे भरले.