पिनकोडवाली ‘पहिली आवृत्ती’

पोस्टात 34 वर्षं काढलेला माणूस पिनकोडवर फसला, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही. इथं लिहितोय, कारण मला खोटं जुनं पुस्तक विकणारा इसम अजून नवीन नंबरवरून गिऱ्हाइकं शोधतोय.

‘विशाखा’, 1942 ची पहिली आवृत्ती, आत ‘सस्नेह भेट’ आणि कुसुमाग्रजांची सही. मागितले 18,500. घासाघीस करून 14,500 वर आणले. 5,000 आगाऊ, 9,500 फोटो बघून, कुरिअरचे 340 वेगळे. एकूण 14,840, पेन्शनीतले. भाव पाडला की आपणच शहाणे वाटतो. आगाऊ एक रुपया देऊ नका.

आणि मूळ मालकाची गोष्ट! नारायण पेठेतले मास्तर, 1961 च्या पानशेतच्या पुरात घर गेलं, पेटीतली चार पुस्तकं वाचली, मास्तर 1965 ला वारले. पानांच्या कडेला तपकिरी डाग होता. तो फोटो मोठा करकरून बघताना माझा गळा दाटून आला. डागाच्या दोन बोटं वर मास्तरांचा जांभळा शिक्का: नारायण पेठ, पुणे 411030.

सहा आकडे. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. 411030 चे गठ्ठे मी स्वतःच्या हातानं बांधलेत हो! मेलेल्या मास्तरांनी शिक्का वरून मारला का? पण मी डाग बघत बसलो. सही मात्र हुबेहूब होती, कुणीही फसलं असतं.

पुस्तक हातात आल्यावर कळलं, शीर्षकपान शिवणीतलं नव्हतंच, खळीनं चिकटवलेलं. शिवणीपाशी बोट फिरवून बघत जा. 1957 च्या आधीच्या पुस्तकावर किंमत नव्या पैशांत असेल तर सरळ उठा.

चौकीत साहेब म्हणाले, “काका, पुस्तक मिळालं ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या खेपेला, “रद्दीत दहा रुपयेसुद्धा येणार नाहीत याचे.” तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. बँकेतली पोरगी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाली, “पिन तुम्हीच टाकला ना?” पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी लाजेपायी 11 दिवस घालवले.

शेवटी ग्राहक तक्रारीचा अर्ज घेतला. त्यात विचारलंय: विरुद्ध पक्षाचा संपूर्ण पत्ता, पिनकोडसह.