छातीच्या दुखण्यावर रबरी शेकपिशवी: अकरा महिने वापरून

छातीच्या मधल्या हाडाला लागून, डावीकडे, तीन बोटं मावतील एवढी जागा. दीड वर्ष तिथंच दुखतंय. ईसीजी तीनदा, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, एक्स-रे, सगळं नॉर्मल. एका ठिकाणी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं, तेव्हा रिक्षात बसून रडले. रिपोर्ट चांगले आले याचा आनंद व्हायला हवा होता, पण दुखत तर होतंच ना!

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांनी बरगडीचा सांधा बोटानं दाबला आणि मी ओरडलेच. ‘वहिनी, हे हृदय नाही. बरगडी छातीच्या हाडाला जोडणारी कूर्चा दुखावलीय. यात तपासण्या नॉर्मलच येतात.’ कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात त्याला. मी डब्यांसाठी रोज सव्वाशे पोळ्या करते. कणीक मळताना सगळा जोर तिथंच येतो. गोळी गरजेपुरतीच घ्या आणि शेक द्या, म्हणाले.

आधी विजेवरची जेलची पिशवी घेतली होती. ती टणक, बरगडीवर नीट बसायचीच नाही. मग मेडिकलमधून ही साधी रबरी, दोन लिटरची आणली, साडेतीनशेला. पहिल्या दिवशी काठोकाठ भरली आणि पस्तावले. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो वजन, तेही दुखऱ्या जागेवर! आता अर्धीच भरते. उकळतं पाणी घालत नाही. झाकण लावण्याआधी पिशवी दाबून हवा काढते, नाहीतर ती फुगून राहते. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली की अंगासरशी बसते. रात्री भांडी आवरल्यावर पंधरा-वीस मिनिटं.

पहिला आठवडा रबराचा वास फार येतो. आठव्या महिन्यात झाकणाची वायसर सैल होऊन गादी भिजली. नवी वायसर वेगळी मिळत नाही, ही मोठीच उणीव आहे; मला झाकणासकट पिशवी बदलावी लागली. तरी पुन्हा हीच घेतली.

दुखणं गेलेलं नाही. पण डाव्या कुशीवर झोपता येतं, आणि मधल्या काळात तसं झोपणं विसरलेच होते. एक मात्र डॉक्टरांनी बजावलंय: दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, घाम फुटला, दम लागला, तर शेकत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एक लिटरची मिळाली तर तीच घ्या. आणि दुकानातच पाणी भरून, उलटी धरून बघा.